रूथचं पुस्तक चार बैठकांत, वावरात जाणाऱ्या बायांसाठी: कसं बसवावं?

माथनी यांचा प्रश्न:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बुधवारी रात्री आठला महिला संगती भरते. अठरा-वीस जणी असतात. बहुतेक रोजानं निंदण-वेचणीला जाणाऱ्या, पाच-सहा विधवा. निम्म्या जणींना वाचता येत नाही. काही ख्रिस्ती घरच्या, काही शेजारच्या म्हणून येणाऱ्या. विषय ठरला आहे: शास्त्रातली एक धाडसी बाई आणि तिच्याकडून श्रद्धेबद्दल काय घ्यावं. चार अध्याय, चार बुधवार, म्हणून रूथ घेतली. प्रत्येक वेळी हातात पाऊण तास.

अडचण अशी की तयार पाठ जे मिळतात त्यात रूथ म्हणजे "आदर्श सून". सासूचं ऐकलं, देवानं भलं केलं. बायांना हे घरी रोज ऐकायला मिळतंच. दुसरं म्हणजे "एफाभर सातू" वाचल्यावर एफा म्हणजे किती, हे कुणालाच कळत नाही. तिसऱ्या अध्यायातली खळ्यावरची रात्र सांगावी की गाळावी? आणि शेवटी लग्न होतं, बाळ होतं. समोर विधवा बसलेल्या असताना हा शेवट कसा सांगायचा? नुसता उपदेश नको, बैठकीत प्रत्यक्ष काय करावं ते सांगा.

---

खळं-राखण यांचं उत्तर:

ताई, सुरुवात दुसऱ्या अध्यायापासून करतो, कारण तुमच्या बायांना तो कुणी समजावून सांगायची गरजच नाही. मराठी बायबलात "सरवा" हाच शब्द आहे. सोयाबीन सोंगून झाल्यावर, भुईमूग उपटून झाल्यावर मागे राहिलेलं वेचतात तोच सरवा. फरक एवढाच की आपल्याकडे तो वावरवाल्याच्या मर्जीवर असतो. तिथे तो नियमशास्त्रात लिहून दिलेला हक्क होता. लेवीय १९:९-१० मध्ये वावराचे कोपरे सोंगू नका, पडलेलं उचलू नका, असं आहे. अनुवाद २४:१९ मध्ये विसरलेली पेंडी आणायला परत जाऊ नका. हे कुणासाठी? परका, अनाथ आणि विधवा. रूथ परकीही होती आणि विधवाही, म्हणजे दोन्हीकडून हक्कदार.

पण कागदावरचा हक्क आणि धुरा ओलांडून आत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुकादम तिचं नावसुद्धा सांगत नाही. तिच्या सासूबरोबर, नामीबरोबर, आलेली ती मवाबी (मवाब या परक्या देशाची) पोरगी, एवढंच (२:६). पुस्तकात "रूथ मवाबी" असं पाचदा येतं. गावात दहा वर्षं नांदलेल्या सुनेलाही "ती तिकडची" म्हणतात, तसलं ते आहे. अशा बाईनं अनोळखी वावरात सोंगणाऱ्यांच्या मागे जाऊन वेचू देता का म्हणून विचारणं, यात तिचं धाडस आहे. पहिल्या अध्यायात सासूला सोडणार नाही म्हणून ती शपथ घेते, तिच्यापेक्षा श्रद्धा मला इथे जास्त दिसते.

आता एफा. साधारण २२ लिटरचं माप धरतात (काही जुने हिशेब ३५ लिटरच्या वर जातात, त्यात शिरू नका). १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. त्यात साडेसोळा लिटरच्या आसपास मावतं. एक डबा भरून आणि वर तिसरा हिस्सा, तो एफा. सातू हलका असतो, लिटरला ६०० ग्रॅमच्या जवळपास, म्हणून एफाभर सातू सुमारे १३ किलो. चूक इथेच होते: सातू नाही म्हणून ज्वारी किंवा गहू घेतात आणि १३ किलो तोलतात. एफा हे वजन नाही, माप आहे. तेवढ्याच मापाचा गहू १६-१७ किलो भरेल. डब्यानं मोजा, काट्यावर ठेवू नका.

मग हिशेब बायांनाच करू द्या. एका ओंबीत दोन ग्रॅम दाणे धरले तरी १३ किलोला साडेसहा हजार ओंब्या लागतात. म्हणजे एका दिवसात साडेसहा हजार वेळा वाकणं. वर संध्याकाळी तिनं ते काठीनं बडवून दाणे काढले (२:१७), पेंढ्यासकट नेलं नाही. वेचणीला जाणाऱ्या बाईला हा आकडा ऐकून कंबरेत कळ येते, मग "रूथ कष्टाळू होती" हे वाक्य तुम्हाला म्हणावं लागत नाही.

आता त्यातली गंमत पाहा. यहुदी धर्मशिक्षकांनी पुढे या कायद्याचे तपशील ठरवले. ते मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात आहेत, साधारण इ. स. २०० च्या सुमारास एकत्र केलेले, म्हणजे रूथच्या काळाच्या फार नंतरचे. त्यात हिल्लेल या धर्मशिक्षकाच्या परंपरेचं मत असं की एका जागी एक-दोन ओंब्या पडल्या तर गरिबाच्या, तीन पडल्या तर मालकाच्या. असल्या पडझडीवर दिवसाला एफा भरणं अवघडच. म्हणूनच २:१५-१६ महत्त्वाचं. वावराचा मालक बवाज, नामीच्या नवऱ्याचा नातेवाईक, गड्यांना सांगतो की तिला पेंड्यांच्या मधूनही वेचू द्या, आणि बांधलेल्यातूनही थोडं मुद्दाम ओढून टाका. कायद्यानं दिलं त्याच्या वर मालकानं दिलं, पण तेही तिला वेचूनच घ्यावं लागलं. आयतं पोतं पाठवलं नाही.

एफात दहा ओमर (निर्गम १६:३६), आणि ओमर म्हणजे रानात एका माणसाला मिळणारा एका दिवसाचा मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न. दोन बायांचं पाच दिवसांचं पोट एका दिवसात निघालं. नामीनं ते माप पाहूनच विचारलं की आज कुठे वेचलंस. बिचारीला दाणे पाहून कळलं की हे नुसत्या सरव्याचं नाही.

एक सूचना: "जव" म्हणू नका, "सातू" म्हणा. आपल्याकडे जव म्हटलं की निम्म्या बायांच्या डोळ्यांपुढे जवस येते. जवस बायबलात आहे, पण ती राहाबच्या घराच्या माळवदावर.

---

शेव यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर. "आदर्श सून" हा प्रश्न मात्र पहिल्याच बुधवारी मिटवा, नाहीतर चारही आठवडे तो आडवा येतो.

पहिल्या अध्यायात नामी परत जा म्हणते, चारदा (१:८, ११, १२ आणि दुसरी सून अर्पा गेल्यावर १:१५). रूथ चारही वेळा ऐकत नाही. म्हणजे पुस्तकातलं तिचं पहिलं मोठं काम सासूचं न ऐकणं हे आहे. दुसऱ्या अध्यायात सरवा वेचायची कल्पना तिची स्वतःची, नामी फक्त "जा माझ्या मुली" म्हणते. तिसऱ्यात नामी शिकवते की खळ्यावर जा, पायथ्याशी निज, मग काय करायचं ते तो सांगेल (३:४). रूथ जाते, पण त्याच्या सांगण्याची वाट पाहत नाही. काय करायचं ते तीच त्याला सांगते (३:९). आज्ञाधारक सुनेची गोष्ट अशी नसते.

अर्पाला वाईट ठरवू नका. ती रडली, तिनं सासूचा मुका घेतला आणि सांगितल्याप्रमाणे माहेरी गेली. दोघी सुनांनी मेलेल्यांवर आणि माझ्यावर दया केली असं नामीच म्हणते (१:८). बैठकीत माहेरी परत गेलेल्या दोघी-तिघी असणारच.

नामीच्या तक्रारीवर पहिल्या दिवशी किमान दहा मिनिटं ठेवा. दहा वर्षांत नवरा आणि दोन्ही मुलं गेली, आणि पुस्तक हे पाच वचनांत उरकतं. मग ती गावात येऊन सगळ्या बायांसमोर म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वरानं रिकामी परत आणली. या बोलण्याबद्दल पुस्तकात कुणी तिला एका शब्दानं टोकत नाही. शिकवणाऱ्यानंही टोकू नये. "असं बोलू नये" म्हणालात की त्या पाच-सहा जणी पुढच्या बुधवारी येणार नाहीत.

तिसरा अध्याय गाळू नका. गाळलात तर बाया घरी जाऊन तोच आधी वाचून घेतील. कास्तकाराच्या भाषेत सरळ सांगा. उफणणी संध्याकाळी-रात्री का? तिथे दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो तो संध्याकाळी धरतो, आणि सूप उंच धरल्यावर भुसा उडायला तो लागतो. बवाज घरी न जाता राशीच्या कडेला का झोपला? ज्या कारणानं आपल्याकडे हरभऱ्याच्या ढिगापाशी बाज टाकतात त्याच कारणानं, चोरी. एवढं सांगितलं की अर्धा संकोच जातो. रात्री पायांवरचं पांघरूण काढलं या शब्दांवर अभ्यासकांत वाद आहेत. तुम्हाला तो वाद सोडवायचा नाही. मजकूर सांगतो तेवढंच सांगा: ती पायथ्याशी निजली, पहाटे ओळख पटण्याआधी निघाली, आणि तिचं नाव खराब होऊ नये याची काळजी त्यानं घेतली.

यातला गाभा एका शब्दात आहे. हिब्रूत "कानाफ" म्हणजे पंख, आणि तोच शब्द वस्त्राच्या शेवाला. दुसऱ्या अध्यायात बवाज मोठ्या मनानं म्हणाला होता की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस, तो तुला पुरेपूर देवो (२:१२). आशीर्वाद द्यायला पैसे पडत नाहीत. तिसऱ्यात रूथ त्याचाच शब्द त्याच्यापुढे ठेवते: मग तुझा कानाफ पसर माझ्यावर, तू सोडवणारा आप्त (मेलेल्याचं वावर आणि नाव राखणारा जवळचा नातेवाईक) आहेस. देवाच्या पंखांबद्दल बोललास, आता तुझ्या पांघरुणाचा शेव कुठे आहे? मराठीत "पदरात घेणे" आहे म्हणून हे फोडून सांगावं लागत नाही. एक चादर आणा, शेव धरून दाखवा, आणि दोन्ही वचनं लागोपाठ वाचा. मध्ये बोलू नका.

तिला बवाज "एशेत हायिल" म्हणतो (३:११). भाषांतरात "सद्गुणी" असं काही वाचायला मिळतं आणि शब्द मिळमिळीत होतो. "हायिल" म्हणजे बळ, कर्तबगारी, सैन्यालाही हाच शब्द. बवाजला २:१ मध्ये जो मान आहे त्यातही हाच आहे. दोघं एका तोलाची, असं पुस्तक सांगतंय. नीतिसूत्रे ३१ मधली बाई तीच: एशेत हायिल.

---

बाभूळबन यांचं उत्तर:

चौथा अध्याय म्हणजे सरळ वावराचा व्यवहार हाये बाप्पा. लोकं लग्नाकडं पाहतात अन् वावर सोडून देतात, मंग शेवट गोड-गोड लागते.

नामीचा मेलेला नवरा अलीमलेख, त्याचं वावर नामी इकाले बसली. लेवीय २५:२५ परमानं जवळच्या नातेवाइकानं ते सोडवून घ्याचं, जमीन कुळाच्या बाहेर जाऊ नये म्हून. बवाज सकाळीच वेशीवर जाऊन बसते, दहा वडीलधारे साक्षीले बसवते अन् त्याच्यापेक्षा जवळच्या नातेवाइकाले हाक मारते. पुस्तक त्याचं नावही सांगत नाही, हिब्रूत निस्ता "अमका-तमका" हाये. आपल्या इकडं फलाना म्हनतात तसा. फलाना आधी म्हनते, घेतो. मंग बवाज सांगते, वावरासंग रूथही येते, मेलेल्याचं नाव चालवा लागंल. तवा फलाना मांगं सरकते. काहून? हिशोब साधा हाये. पैसा याचा जाणार, रूथले पोरगं झालं का वावर त्या पोराच्या नावानं, म्हंजे मेलेल्याच्या घरात. याच्या सोताच्या लेकराईच्या वाट्याले भोपळा. तो वाईट माणूस नाही, हिशोबी हाये. बवाजनं तोच हिशोब केला अन् तरीबी घेतलं. हा फरक बायाईले दाखवा.

जोडा काढून द्याची गोष्ट लोकं चुकीची सांगतात. अनुवाद २५ मंधी विधवेनं जोडा काढून तोंडावर थुकाचा जो अपमान हाये तो येगळा. इथं फलाना सोताच आपला जोडा काढून देते, सौदा पक्का झाल्याची खूण. आपल्या इकडची ताबा-पावती समजा. बैठकीत दहा जणी पंच बसवा, एक फलाना, एक बवाज, एक चप्पल. पंधरा मिनिटांत होते. वाचता न येणाऱ्या बाया हेच सगळ्यात पक्कं ध्यानात ठेवतात.

आता विधवांची गोष्ट. "बवाज येईल" असं कोणाले सांगू नका. पुस्तकानंही तसं सांगतलं नाही. नामीले कोणी बवाज भेटला नाही. तिले भेटली रूथ. गावच्या बाया नामीले शेवटी काय म्हनतात? ही सून तुले सात पोराईपेक्षा भारी हाये (४:१५). ज्या बायाईपुढं तिनं मले मारा म्हना म्हून सांगतलं होतं त्याच बाया. शेवट लग्नावर नाही थांबत, नामीच्या मांडीवरच्या लेकरावर थांबते, अन् मंग वंशावळी: ओबेद, इशाय, दावीद.

अन् पाच मिनिटं सातबाऱ्यावर बोला. सासू-सुनेचा हाच पेच आपल्या इकडंबी हाये. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मंधी मेलेल्या माणसाची बायको, लेकरं अन् माय, तिघंही पहिल्या वर्गाचे वारस. ख्रिस्ती घरात भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चालते: लेकरं असली तं बायकोले एक तृतीयांश, बाकीचं लेकराईले. येगयेगळ्या घरच्या बाया बसल्या हायेत, म्हून दोन्ही सांगा लागते. वारसनोंद न करता वर्स काढली का मंग फलान्याचं फावते.

---

माथनी:

सगळ्यांचे आभार. चप्पल आणि चादर दोन्ही यादीत घेतले. एक शंका. "या पुस्तकात देवाचा उल्लेखच नाही, तरी तो आहे" असं एका पाठात वाचलं होतं. बायांना हे सांगितलं तर चालेल का? आणि तिसऱ्या अध्यायात बवाज रूथच्या ओढणीत सहा मापं सातू घालतो, ते कशानं मोजायचे?

---

खळं-राखण:

नाही ताई, ते एस्तेरबद्दल आहे. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव येत नाही. रूथमध्ये नाव सतत तोंडी आहे: आशीर्वादात, शपथेत, तक्रारीत, अगदी सोंगणाऱ्यांच्या रामरामातसुद्धा (२:४). देवानं स्वतः काही केलं असं मात्र निवेदक फक्त दोनदा सांगतो. १:६ मध्ये लोकांना भाकर दिली, आणि ४:१३ मध्ये रूथला गर्भ राहू दिला. मधलं सगळं माणसांनी केलेलं: कुणी पेंडी सैल सोडली, कुणी वाकून वेचलं, कुणी वेशीवर बसलं. ती बवाजच्या वावरात पोचली तेही पुस्तक "सहज गेली" या चालीवर सांगतं (२:३). एस्तेरचं वाक्य रूथला चिकटवलं तर हे दोन टोकांचं टाचण निसटतं.

सहा मापांबद्दल: मूळ वाक्यात नुसतं "सहा सातू" आहे, मापाचं नाव नाही. सेआ धरला (एफाचा तिसरा हिस्सा, सात लिटरच्या वर) तर सहाचे ४४ लिटर, म्हणजे २६-२७ किलो. पहाटे ओढणीत बांधून गावात न्यायला हे जड आहे, पण सोंगणीवाल्या बाईला अशक्य नाही. राशी हे जुने यहुदी भाष्यकार म्हणतात की ते सहा दाणेच होते, खूण म्हणून. तुम्ही दोन्ही सांगा, आणि बैठकीत एक सेआ म्हणजे तेलाच्या डब्याचा अर्ध्याला थोडं कमी, एवढंच ओता.

---

शेव:

त्या ओतण्याबद्दल एक सांभाळा. बाईनं कापड पसरायचं आणि समोरच्यानं त्यात धान्य घालायचं, हे पाहताच सगळ्यांना ओटी आठवणार. आणि विधवेची ओटी भरत नाहीत हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कापड कुणी धरायचं ते आधी विचारून ठरवा, ऐनवेळी कुणाला उठवू नका. एखादी विधवा स्वतःहून तयार झाली तर तिलाच धरू द्या. त्यावर भाष्य करू नका, आणि हळदीकुंकू त्यात मिसळू देऊ नका. बवाजचं वाक्य फक्त वाचा: सासूकडे रिकाम्या हातानं जाऊ नको (३:१७). हा "रिकामी" हिब्रूत तोच शब्द आहे जो नामी गावात परत आल्यावर म्हणाली होती (१:२१). पहिल्या बुधवारी तो शब्द फळ्यावर लिहून ठेवलात तर तिसऱ्या बुधवारी नुसतं बोट दाखवायचं. वाचता येत नाही त्यांच्यासाठी उपडं सूप ठेवा, त्या दिवशी ते उलटं करा.

---

खळं-राखण:

सातू पूजा-साहित्याच्या दुकानात "जव" म्हणून सालासकट मिळतो. किराण्यातला पांढरा, पॉलिश केलेला घेऊ नका. बडवून-उफणून दाखवायचं असेल तर त्यात उडायला काही उरत नाही. पण खरं बडवणं दाखवायला ओंब्याच लागतात, आणि आपल्याकडे गव्हाच्या ओंब्या फेब्रुवारी-मार्चमध्येच. आता करत असाल तर ज्वारीची दहा-बारा वाळलेली कणसं आणा, गोणपाटावर ठेवून जाड काठीनं मारा. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, दाणे उसळून भिंतीपर्यंत जातात. सात-आठ मिनिटांत एक ओंजळभर निघेल. ती ओंजळ डब्यात टाका आणि डबा फिरवा, तळसुद्धा झाकत नाही.

कापडाला चारही टोकांची गाठ मारा. दोन टोकांची सुटते.